सीडी पुरात गेली, म्हणून अपग्रेड

आमच्या भाच्याकडं कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध आहे. मशीन हँग होतंय? फॉरमॅट मार. प्रिंटर दिसत नाही? फॉरमॅट मार. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यातलं कळतंय त्याला, त्यामुळं उडवूनही लावता येत नाही. 2025 च्या दसऱ्याला सोनं द्यायला आला, तर आपट्याची पानं हातात ठेवायच्या आधी दुकानातल्या मशीनकडं बघून म्हणाला, "मावशी, चौदा तारखेला विंडोज दहा संपतेय. अकरा टाकायला लागणार. आणि टाकायचीच तर कोरी टाकू. सगळं धुवून काढू."

'धुवून काढू' हे आमच्या दुकानात कुणी सहज म्हणत नाही. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या मागच्या अंगाला आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळाच्या पावत्या, बारशाची कार्डं असली कामं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा फुगवटा जयंती नाल्यातून उलटा आत आला, तेव्हा दोन्ही सीपीयू आम्ही डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेले. मॉनिटर नेले, प्रिंटर नेला. टेबलाचा खालचा ड्रॉवर मात्र राहिला. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्या ड्रॉवरात काय काय होतं ते मात्र आम्हाला पाणी उतरल्यावर आठवलं. त्यातलीच एक गोष्ट सहा वर्षांनी आडवी आली.

चौदा तारखेबद्दल आमच्या गल्लीत बऱ्याच अफवा होत्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटत होतं, 15 ऑक्टोबरला सकाळी बटण दाबलं की मशीन चालूच होणार नाही. तसं काही नव्हतं. 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणार नव्हते, एवढंच. नोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर 2026 पर्यंत, ते अपडेट मिळवायची सोयही होती. मी आधी तिकडंच झुकले होते. पण आमच्याकडं गिऱ्हाइकांचे पेनड्राईव्ह दिवसभर आत-बाहेर होत असतात. कुणाच्या पेनड्राईव्हमध्ये काय वस्ती असेल सांगता येत नाही. आणि पुढच्या वर्षी हेच दुखणं दिवाळीच्या तोंडावर पुन्हा उभं राहणार. मग ठरवलं, भाऊबीज झाली की तुळशीच्या लग्नाच्या आत उरकायचं. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ लागते, मग मशीनला हात लावायची सोय नसते.

आता प्रश्न भाच्याच्या आणि माझ्यातला. तो म्हणे कोरी टाकायची, म्हणजे पेनड्राईव्हवरून बूट करायचं, सी ड्राईव्ह पुसायचा आणि नवी विंडोज बसवायची. मी म्हणे अपग्रेड, म्हणजे आहे त्या विंडोजच्या पोटातून सेटअप चालवायचा. फायली, प्रोग्रॅम, सेटिंग जागच्या जागी राहतात आणि खालचा पाया तेवढा बदलतो. भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अपग्रेडमध्ये जुनी घाणही तशीच पुढं येते. 2018 पासून त्या मशीनवर काय काय टाकलं होतं आणि काय काय अर्धवट काढलं होतं, देव जाणे. चालू व्हायलाच चहा उकळून गाळून होईपर्यंतचा वेळ लागायचा.

आमचे हे दुकानाचा हिशोब टॅलीत ठेवतात. ते पहिल्यांदाच मध्ये पडले आणि म्हणाले, "भांडू नका. त्या मशीनमध्ये काय आहे ते आधी लिहून काढा." त्यांच्या डोक्यात फक्त टॅलीचा डेटा होता, हे मला माहीत आहे. पण सल्ला लाखाचा निघाला.

दोनशे पानी वही घेतली. पहिल्या रात्री पाऊण पान भरलं, दुसऱ्या रात्री चार. डेस्कटॉपवरच्या फायली कुणालाही आठवतात. आठवत नाहीत त्या भलत्याच गोष्टी. प्रिंटरमध्ये मी पत्रिकेच्या कागदाचे सहा वेगवेगळे आकार भरून ठेवलेत, तेही मोजून, चुकून, कागद वाया घालवून. ते सी ड्राईव्हबरोबर जातात. पत्रिका रचायच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरचे टूलबार मी माझ्या हाताच्या सवयीनं लावलेत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले नवरा-नवरीचे फोटो डाउनलोड्समध्ये पडलेत, आणि लोक वर्षानं येऊन ते परत मागतात. टॅलीचं लायसन्स आहे. फॉरमॅट मारायच्या आधी ते त्या मशीनवरून सरेंडर करायचं असतं, म्हणजे नव्या ठिकाणी चालू करताना अडत नाही. हे यांना माहीत होतं, भाच्याला नव्हतं. एक गुण आमच्या यांना.

प्रत्येक ओळीपुढं मी एकच गोष्ट लिहीत गेले: परत कुठून आणणार? कोरल, सीडी आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्रॅम), साइटवर मिळतो. फोटो, हार्डडिस्कवर कॉपी. असं करत करत मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरपाशी आले आणि पेन थांबलं.

आम्ही डीटीपीवाले अजून जुन्या मराठी फॉन्टवर जगतो. नवा युनिकोड फॉन्ट असेल तर 'क' हा सगळ्या जगात 'क' असतो. जुन्या फॉन्टचं तसं नाही. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. मशीनवर तो फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. पंचवीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली माझ्याकडं अशाच फॉन्टमध्ये आहेत. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्ही केलेली असते, धाकट्याच्या वेळी लोक म्हणतात, "त्यातच नावं बदला की वहिनी." ती फाइल उघडलीच पाहिजे.

फॉन्ट उचलून नेता येतात, ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. टाइप करायचं सॉफ्टवेअर नेता येत नाही. प्रोग्रॅम बसवताना तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, आपल्या नोंदी करतो, काही फायली विंडोजच्या फोल्डरात टाकतो. नुसतं फोल्डर कॉपी करून नव्या विंडोजवर नेलं तर माणूस राहायला आला पण रेशनकार्डावर नाव नाही, अशी गत होते. त्याची सीडी लागते. आणि ती सीडी 2019 ला खालच्या ड्रॉवरात होती. सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे यूएसबीचा डोंगल, सीपीयूच्या पाठीला लावलेला होता म्हणून वर गेला आणि वाचला. किल्ली आहे, घरही आहे, पण घर परत बांधायचा नकाशा वाहून गेला. नवी आवृत्ती विकत मिळते, पण सीझनच्या तोंडावर पैसे घालून, हाताला नवी सवय लावून घेण्यात मला रस नव्हता.

वही भाच्यापुढं ठेवली. त्यानं ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "मग अपग्रेड." बास, एवढंच. वाद मिटला.

काम सोपं होईल असं वाटलं होतं. दुकानाची सुट्टी सोमवारी, म्हणून 27 ऑक्टोबरला सकाळी शटर अर्धं ओढून बसलो. मशीन आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचं, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत जेमतेम बसणारं. रॅम 8 जीबी, लागते 4. तरी तपासणीच्या प्रोग्रॅमनं लाल फुली मारली: टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) नाही, सिक्युअर बूट (चालू होताना भलतं काही घुसू न देणारी सोय) नाही. मला वाटलं झालं, नवं मशीन घ्या आता. भाचा हसला. टीपीएम 2.0 त्या प्रोसेसरबरोबर आलेलं असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी. चालू करताना डिलीट बटण दाबून बायोसमध्ये शिरला, पीटीटी चालू केलं. एक फुली गेली.

सिक्युअर बूटनं मात्र घाम काढला. असेंबल करणाऱ्यानं 2018 ला विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेली होती. डिस्कची मांडणी जुनी एमबीआर होती, सिक्युअर बूटला पाहिजे नवी जीपीटी. मांडणी न पुसता बदलायचं हत्यार विंडोजमध्येच असतं. ते आधी नुसती तपासणी करून 'जमेल' किंवा 'जमणार नाही' सांगतं. आम्हाला सांगितलं, जमणार नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की या हत्याराला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालतात आणि एक्स्टेंडेड भाग, म्हणजे ज्याच्या पोटात आणखी भाग पाडतात तो, मुळीच चालत नाही. आपल्याकडं मशीन असेंबल करताना सी, डी, ई असे तीन ड्राईव्ह पाडायची पद्धत आहे. सी मध्ये विंडोज, डी मध्ये काम, ई मध्ये गाणी आणि सिनेमे. त्यात विंडोजचा स्वतःचा एक लपलेला भाग. चौथा म्हणजे आमचा ई एक्स्टेंडेडमध्ये गेलेला. ई मधलं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर नेलं, ई उडवला आणि पुन्हा तपासणी केली. जमेल.

डी ची आणि सी मधल्या कामाच्या फायलींची कॉपी आदल्या रात्रीच झाली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्या कॉपीनंच मला खुर्चीत बसवून ठेवलं. मांडणी बदलली, मशीन रीस्टार्ट झालं आणि काळ्या पडद्यावर एक ओळ आली: बूट करायला काही सापडत नाही. आमचे हे उठून बाहेर गेले. भाचा म्हणाला, "हे होणारच होतं, थांब." बायोसमध्ये जुन्या पद्धतीचं बूट बंद करून नव्या पद्धतीचं, म्हणजे यूईएफआय केलं, सिक्युअर बूट चालू केलं आणि विंडोज आली. "होणारच होतं तर आधी सांगायला काय झालं होतं?" असं मी म्हटलं ते त्यानं ऐकलं नाही.

मग खुद्द अपग्रेड. भाच्यानं मित्राकडून विंडोज 11 चा पेनड्राईव्ह तयार करून आणला होता. सेटअप चालवला, तर 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय फिकट. दाबताच येईना. नुसत्या फायली ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका. म्हणजे पुन्हा कोऱ्याच विंडोजकडं ढकलत होता. कारण शोधलं तर असं हसू आलं. माझी विंडोज अमेरिकी इंग्रजीतली आणि मित्राचा पेनड्राईव्ह आंतरराष्ट्रीय इंग्रजीतला. आपल्याला दोन्हीत फरक दिसतो तो 'कलर' च्या स्पेलिंगपुरता, पण विंडोजला भाषा जुळल्याशिवाय प्रोग्रॅम पुढं नेता येत नाहीत. बरोबर भाषेची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून घेतली. पाच जीबीच्या वर आहे, तोपर्यंत जेवून आलो.

आणखी एक चूक होता होता राहिली. भाचा सवयीनं पेनड्राईव्हवरून बूट करायला निघाला होता. तसं केलं की अपग्रेडचा रस्ताच बंद होतो, फक्त कोरी बसते. अपग्रेड करायची तर विंडोज चालू असताना आतूनच सेटअपवर क्लिक करायचं. हे माहीत नसल्यानं किती लोकांचे प्रोग्रॅम गेले असतील कोण जाणे.

यूपीएसची बॅटरी नवी घातली होती. सगळं दीड तास चाललं, मशीन तीन-चारदा आपसूक बंद-चालू झालं. शेवटी बटणं मध्यभागी सरकलेला तो नवा टास्कबार आला. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे 2011 ची एक पत्रिका उघडली. 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' जागच्या जागी. डोंगल ओळखला. कागदाचे सहाच्या सहा आकार शाबूत. फक्त पहिली प्रिंट कागदावर न येता पीडीएफमध्ये गेली, कारण डिफॉल्ट प्रिंटर कुठला ते विंडोज स्वतः ठरवायला लागली होती. ती लुडबूड बंद केली.

मशीन वेगवान झालं का? अजिबात नाही. चहा अजून तेवढाच उकळतो. आणि सी ड्राईव्ह लाल झाला, कारण जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये मुक्कामाला राहिली होती. दहा दिवसांत मन बदललं तर तिच्या आधारावर मागं जाता येतं, नंतर ती आपोआप साफ होते. यांना ते फोल्डर पहिल्याच दिवशी उडवायचं होतं. मी हात लावू दिला नाही. टायपिंग करणाऱ्या आमच्या मुलीनं मात्र दुसऱ्या दिवशी नवा पडदा बघून फक्त एवढंच विचारलं, "वहिनी, ह्यात मी स्टार्ट कुठं दाबतो?"

आतल्या खोलीत चौथ्या पिढीचं जुनं मशीन आहे. त्यावर विंडोज 32 बिटची, आणि विंडोज 11 मुळात 64 बिटमध्येच येते, शिवाय तो प्रोसेसरही यादीत नाही. त्याची नेटची वायर काढली. पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमधली कामं त्यावर निघतात, निघू देत.

कोऱ्या विंडोजची भाच्याची हौस भागली ती आमच्या लेकीच्या लॅपटॉपवर. ती पुण्यात नोकरीला आहे, दिवाळीला आलेली. अकराव्या पिढीचा लॅपटॉप, विंडोज 10 सकट घेतलेला, नंतर 11 वर अपग्रेड केलेला, त्यावर दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा करत बसलेले. तिच्यासाठी वही काढली तर अर्धं पानही भरलं नाही. सगळं ऑनलाइन ड्राईव्हवर नाहीतर ऑफिसच्या सर्व्हरवर. परत आणता येणार नाही असं त्यात काहीच नव्हतं. मग कोरीच टाकायची, त्यात विचार कसला? लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस कुठल्या ईमेलला जोडलंय तेवढं आधी बघून घेतलं. विंडोजची किल्ली बायोसमध्येच असते, ती विचारलीही नाही.

तिथं अडलं ते असं: पेनड्राईव्हवरून बूट केलं आणि सेटअप म्हणाला, डिस्कच नाही. ज्या लॅपटॉपवर पाच मिनिटांपूर्वी ती गाणी ऐकत होती, त्यात म्हणे डिस्क नाही. अकराव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे होतं. एसएसडी, म्हणजे त्याची डिस्क, इंटेलच्या एका कंट्रोलरमागं असते आणि विंडोजच्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. दुकानातल्या मशीनवरून, म्हणजे माझ्या अपग्रेड झालेल्या मशीनवरून, तो ड्रायव्हर पेनड्राईव्हवर घेतला, 'लोड ड्रायव्हर' म्हटलं, डिस्क दिसली. पुढं वायफायचा ड्रायव्हर नव्हता आणि सेटअप नेटशिवाय पुढं सरकेना. मोबाइल वायरनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, म्हणजे यूएसबी टेदरिंग केलं. तासाभरात लॅपटॉप लग्नाआधीच्या घरासारखा मोकळा झाला आणि खरंच पळायला लागला. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं.

कोऱ्या विंडोज 11 ची एक गोष्ट आम्हाला दोघांनाही उशिरा कळली. अलीकडच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. अपग्रेड केलेल्या माझ्या मशीनवर तसं झालं नव्हतं. डिस्कला कुलूप लागतं, ते रोज आपण बघत नाही, पण काही बिनसलं तर 48 आकडी किल्ली, म्हणजे 'रिकव्हरी की', मागते. ती खात्यात साठवलेली असते. तरी मी लेकीला बसवून ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. "आई, हे ऑनलाइन असतं गं," असं ती तीनदा म्हणाली. मी म्हटलं, ड्रॉवरातली सीडीपण होती.

डिसेंबरात एका रात्री साडेदहाला तिचा फोन. बायोसचा अपडेट झाला आणि लॅपटॉपवर निळा पडदा आला, तीच रिकव्हरी की मागतोय. खात्यात शिरायला पासवर्ड आठवेना, सकाळी मीटिंग. मी चष्मा लावून वही काढली आणि वाचायला सुरुवात केली, "एकोणसत्तर, ब्याऐंशी, सत्तेचाळीस..."

"आई, थांब थांब. सत्तेचाळीस म्हणजे फोर्टी सेव्हन का सेव्हंटी फोर?"

पुढचे बेचाळीस आकडे एकेक करून सांगितले.